उरलेला रंग

माझ्या वरच्या ओठाच्या कोपऱ्यावरचा पांढरा डाग पहिल्यांदा दिसला तो मायला. सकाळी ती माझ्या वेण्या घालत होती. मी तेव्हा सातवीत होते. तिनं माझी हनुवटी धरून तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं, पदराचं टोक ओलं करून ओठाचा कोपरा पुसला, मग जरा जोरात पुसला.

"दही खादं का तू?"

मी नाही म्हणाले. तिनं एक वेणी घातली, दुसरी तशीच मोकळी सोडली आणि चुलीपुढे जाऊन बसली. दुसरी वेणी मीच घातली आणि शाळेत गेले.

मायचं माहेर साक्रीच्या बाजूचं. लग्न होऊन जळगावला येऊन इतकी वर्षं झाली तरी तिची बोली सुटली नव्हती. संध्याकाळी तिनं मला जवळ घेऊन एवढंच सांगितलं, "कोणले सांगू नको. नानाले मी सांगसू."

नाना म्हणजे माझे वडील. ते एसटीत कंडक्टर होते. जळगाव-धुळे गाडीवर त्यांची ड्यूटी असायची. मायनं त्यांना लगेच सांगितलं नाही. आधी तिनं माहेराहून बावचीच्या बिया मागवल्या, गोमूत्रात भिजवून पाट्यावर वाटल्या आणि तो काळपट लेप माझ्या ओठावर लावला. दोन-चार दिवसांत ओठ फोड येऊन सुजला. सुजलेलं तोंड लपवणं शक्य नव्हतं. नानांनी खाकी डगला खुंटीला लावता लावता माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं हिला?"

मायनं सांगितलं. नानांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "इथं दाखवायचं नाही. इथं दाखवलं तर उद्या गावभर होईल. धुळ्याला एक डॉक्टर आहेत. माझ्या गाडीनं नेतो."

त्यानंतरची माझी शाळेची सगळी वर्षं त्या गाडीच्या वाटेवर गेली. पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे. नाना मला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर खिडकीशी बसवायचे. कंडक्टरच्या घरच्यांना पासाची सोय होती, पण नाना माझ्या सीटपाशी आले की इतर उतारूंपाशी थांबत तसेच थांबायचे, मान हलवायचे आणि पुढे जायचे. पारोळ्याला गाडी थांबली की चहा घेऊन यायचे. अर्धा कप मला, अर्धा त्यांना.

डॉक्टरांचा दवाखाना आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत होता. पाटीवर 'चर्मरोग व गुप्तरोग' असं एकाच ओळीत लिहिलेलं होतं. त्यामुळे आत बसलेली माणसं एकमेकांकडे पाहायची नाहीत. बाकं समोरासमोर होती, तरी जो तो भिंतीकडे किंवा स्वतःच्या चपलांकडे बघत बसायचा. तोंडावर पुटकुळ्या आलेली एका शेठजींची नवी सून असायची, तिची सासू तिच्या घुंघटावर सतत हात ठेवून असायची. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून आलेली माणसं असायची, त्यांच्या बोटांना फडकी बांधलेली असायची. ती बाकावर न बसता दाराबाहेर उकिडवी बसायची.

पहिल्याच दिवशी एका माणसानं नानांना ओळखलं. रोजचा उतारू असावा.

"मास्तर, तुम्ही इथं कसे?"

नानांनी स्वतःसाठी आलो म्हणावं तर पाटीवरचा दुसरा शब्द त्यांना चिकटणार होता आणि माझ्यासाठी म्हणावं तर पहिला शब्द मला. शेवटी म्हणाले, "पोरीला दाखवायला आणलंय." तो माणूस माझ्याकडे पाहू लागला. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती हातानं दाबत बसले.

डॉक्टर चांगले होते. वयानं नानांपेक्षा थोडे मोठे, हळू बोलणारे. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं. डागावर कधी कापूस फिरवला, कधी टाचणी टेकवली. काय लागतंय ते मी सांगत गेले. मग त्यांनी नानांना सांगितलं, "हा महारोग नाही. हिच्यापासून कोणाला काही होणार नाही. एकाच ताटात जेवलात तरी नाही. हे नुसतं कोड आहे. कातडीत रंग तयार होतो, तो तेवढ्या जागी थांबलाय."

"बरं होईल ना, डॉक्टरसाहेब?"

"काहींना रंग परत येतो. काहींना येत नाही. आपण करून बघू."

नानांनी त्यातला पहिला भागच ऐकला. परतीच्या गाडीत ते ड्रायव्हरकाकांना हसून सांगत होते, "महारोग नाही म्हणाले. नुसतं कोड आहे." नुसतं हा शब्द त्यांनी त्या दिवशी कितीतरी वेळा वापरला.

डॉक्टरांनी तपकिरी बाटलीतलं पातळ औषध दिलं होतं. आगकाडीच्या टोकाला कापूस गुंडाळून ते फक्त डागावर लावायचं, काठाबाहेर जाऊ द्यायचं नाही आणि मग सकाळच्या उन्हात बसायचं. आधी अगदी थोडा वेळ, मग हळूहळू वाढवायचा. कातडी गुलाबी झाली की उठून सावलीत यायचं. मी आमच्या घराच्या धाब्यावर बसायची. माय खालून हाका मारून विचारायची, "व्हयनं का गुलाबी?" मी हातातला आरसा बघून सांगायची. शेजारच्या धाब्यावर पापड, कुरडया वाळत घातलेल्या असायच्या, त्यांच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी बसलेलं असायचं. ते माझ्याकडेही लक्ष ठेवायचं. लपवायचं ते सगळ्यात आधी त्या धाब्यांनाच कळलं.

हिवाळा संपता संपता डागाच्या आत बारीक ठिपके दिसू लागले. खसखशीच्या दाण्याएवढे, माझ्या अंगाच्या रंगाचे. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि पहिल्यांदा हसले. "केसाच्या मुळाशी रंग शिल्लक असतो, तिथून येतोय. चांगली गोष्ट आहे." नानांनी त्या दिवशी पारोळ्याला मला अख्खा कप चहा घेऊन दिला. मायनं घरातल्या देवापुढे साखर ठेवली, कानबाई देवीला नवस बोलली. रोज सकाळी आम्ही तिघं आरशात ते ठिपके बघायचो. माझी बहीण तेव्हा लहान होती, तीही मध्ये घुसून बघायची. मला वाटायला लागलं होतं, आठवीत जाईन तेव्हा तोंड भरून आलेलं असेल.

मग उन्हाळा आला. खानदेशातल्या उन्हाळ्यात सकाळचं ऊन असं वेगळं काही राहत नाही. उजाडलं की दुपारच. डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ठिपके पाहिल्यापासून आम्हाला सगळ्यांनाच वाटत होतं की थोडं ऊन इतकं देतंय तर जास्त ऊन जास्त देईल. एके दिवशी मी औषध लावून बसले. घाम फुटला. घामाबरोबर औषध ओघळून गालावर, गालावरून मानेवर आलं. तेव्हा काही वाटलं नाही. संध्याकाळपासून आग सुरू झाली आणि सकाळी तोंडाची एक बाजू पाण्यानं भरलेल्या फोडांनी फुगली. मी कितीतरी दिवस कुशीवर झोपू शकले नाही. माय कोरफडीचा गर लावायची आणि एकीकडे रडायची.

खपल्या पडल्या तेव्हा ठिपके गेले होते. डाग दुप्पट झाला होता. आणि जिथून औषध ओघळलं होतं, तिथं गालावरून मानेपर्यंत एक नवा पांढरा पट्टा उठला होता. डॉक्टर म्हणाले, "कोड असलेल्या माणसाची कातडी कुठंही दुखावली की तिथं नवा डाग उठू शकतो." ते रागावले नाहीत. नानांनाच राग हवा होता बहुतेक. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "चूक आमची झाली, साहेब." डॉक्टर म्हणाले, "चुकीनं झालं असं नाही. कदाचित तसंही पसरलं असतं."

ते खरं होतं, हे मला पुढे कळलं. आम्ही थांबलो नाही. बाटलीच्या जागी गोळ्या आल्या. त्या घेतल्या की पोटात ढवळायचं, अन्न नको व्हायचं. मी वाळत गेले आणि डाग वाढत गेले. हातांच्या बोटांवर आले, कोपरांवर आले, गुडघ्यांवर आले. शाळेत पाण्याच्या माठापाशी माझा पेला वेगळा ठेवला गेला. एक दिवस तिथं एक पितळी पेला जास्त दिसला आणि तो माझा आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

गाडीतली एक गोष्ट अजून डोळ्यांपुढे आहे. मी मॅट्रिकला होते. एरंडोलला एक बाई चढली आणि माझ्या शेजारी बसली. तिच्या मांडीवर तान्हं मूल होतं. मुलानं माझा हात धरला. तिनं हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. तिनं मुलाची बोटं सोडवली, पदरानं पुसली, उठली आणि ओरडली, "कंडक्टर, मला दुसरी जागा द्या. हिच्यापाशी मी नाही बसत. अशा लोकांना गाडीत घेता कसं?"

गाडी भरलेली होती. सगळ्यांच्या माना वळल्या. नाना मधल्या जागेत उभे होते, एका हातात तिकिटांचा ट्रे, दुसऱ्या हातात पंच. मला वाटलं, आता ते सांगतील की ही माझी मुलगी आहे. किंवा डॉक्टरांनी सांगितलं ते सांगतील. त्यांनी मागच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाबांना हात जोडून उठवलं, बाईला तिथं बसवलं आणि बाबांना माझ्या शेजारी आणलं. बाबा बसले, मला म्हणाले, "सरक व बेटा, थोडी." नाना पुढची तिकिटं फाडू लागले.

पारोळ्याला चहा घेताना ते म्हणाले, "ड्यूटीवर होतो मी." मी म्हटलं, "हो." दोघांनीही अर्धा अर्धा कप संपवला.

मॅट्रिक झाल्यावर स्थळं बघायला सुरुवात झाली. नानांनी मला फोटो काढायला नेलं. फोटोवाल्यानं मला पट्ट्याचा गाल कॅमेऱ्यापासून फिरवून बसवलं आणि जे तरीही दिसलं ते निगेटिव्हच्या काचेवर बारीक पेन्सिलीनं भरून टाकलं. फोटो आला तेव्हा माझं तोंड पुरं होतं. माय तो फोटो हातात घेऊन खूप वेळ बसली होती. त्या फोटोवर पारोळ्याचे लोक बघायला आले. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले तेव्हा मुलाची आई म्हणाली, "फोटोत असं नव्हतं."

"फोटोवाल्यानं भरलं ते," नाना म्हणाले.

"मग तुम्ही तो पाठवला कशाला?"

ते लोक पोहे न खाता उठले. पुढे एक बिजवर आला, दोन मुलांचा. त्याला मुलं सांभाळायला बाई हवी होती. त्याच्या आईनं विचारलं, "पण हिच्या हातचं आम्ही जेवायचं कसं?" तेही तिथंच संपलं. त्यानंतर माझ्यासाठी कोणी येईनासं झालं आणि नानांनीही कोणाला विचारणं सोडलं. मी शिवणकाम शिकले. ब्लाउज शिवू लागले. बायका कापड मायजवळ द्यायच्या, मायकडूनच परत न्यायच्या.

बहीण माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. तिच्या अंगावर तिळाएवढासुद्धा डाग नव्हता. पण तिची स्थळं माझ्यावर येऊन अडू लागली. घरात कोड आहे, रक्तात असेल, उद्या नातवंडांना झालं म्हणजे? लोक आता पुढच्या खोलीत बसून हे उघड बोलायचे. पाहुणे यायचे असले की बहीण माझ्याजवळ येऊन बसायची आणि मी आपण होऊन शेजारी जायला निघेपर्यंत तिथंच बसून राहायची.

त्या सुमाराला मी आणि नाना पुन्हा धुळ्याला गेलो. डॉक्टर म्हातारे झाले होते. तोवर माझं अंग बहुतेक पांढरं झालं होतं. आता उलट झालं होतं, डाग रंगाचे होते. कपाळावर एक तुकडा, डाव्या डोळ्याभोवती एक कडं, मनगटांवर, मानेमागे थोडं. डॉक्टरांनी सगळं पाहिलं, हात धुतले आणि समोर बसले.

"मास्तर, रंग आता परत येणार नाही. मी तुम्हाला आशा लावणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एक करता येईल. जो उरलाय तोही काढून टाकता येईल. मलम आहे, मुंबईहून मागवावं लागेल. तू सगळी एकसारखी होशील. लोकांना डाग दिसणार नाहीत. पण एकदा गेला की तो कायमचा गेला. आणि ऊन तुला अजिबात सोसणार नाही, जन्मभर."

नाना म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आपण आणायचा प्रयत्न केला तो..."

"हो," डॉक्टर म्हणाले.

मी नानांकडे पाहिलं. ते टोपी दाबत होते. त्यांच्या मनात बहिणीचं लग्न होतं, ते मला दिसत होतं, आणि ते तोंडानं म्हणणार नव्हते हेही दिसत होतं. "मागवा, साहेब," मी म्हटलं. नाना खिडकीबाहेर बघत राहिले.

मलम रोज मायच लावायची. हातांवर, मनगटांवर, कपाळावर, डोळ्याजवळ फार जपून. आग व्हायची, कधी पुरळ यायचं. महिन्यामागून महिने गेले आणि रंग फिका होत होत जात राहिला, धुतल्या कपड्याचा जातो तसा. मानेमागच्या तुकड्याला मात्र तिनं कधी बोट लावलं नाही. वेणीखाली झाकला जाणारा रुपयाएवढा तुकडा होता तो.

"तिथं का नाही लावत?" मी विचारलं.

"इतलं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "इतलं मनं शे."

एवढा तुकडा आपला म्हणून तिनं तो राखला, पण तो राहिला नाही. पुढच्या उन्हाळ्यात एके सकाळी वेणी घालताना तिचे हात थांबले. मलम न लावताच तिथलाही रंग गेला होता. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, अंग आपोआप उरलेलं सोडून देतं. मायनं त्या दिवसापासून माझे केस विंचरले नाहीत. मी मोठी झाले, माझं मी विंचरावं, असं म्हणाली.

बहिणीचं लग्न ठरलं. बघायला आलेल्या बायकांनी मला बघितलं आणि आपसात म्हणाल्या, "मोठी काय गोरी आहे." नानांनी सगळं आधीच खरं सांगितलं होतं का, की त्या लोकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे मी विचारलं नाही. मांडवात मायच्या माहेरची एक म्हातारी आत्या आली होती. तिनं मला लहानपणी कडेवर घेऊन शेतांतून फिरवलं होतं. ती माझ्यासमोरून दोनदा गेली आणि मायला म्हणाली, "हाई कोन शे?"

"मन्ही मोठी आंडेर," म्हणत मायनं मला आपली लेक म्हणून पुढे केलं.

म्हातारी जवळ आली. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं. "ती सावळी पोर कोठे गई मंग?" तिनं विचारलं. माय म्हणाली, "हाईच ती." म्हातारीला ते पटलं नाही. ती अक्षता घेऊन पुढे गेली.

लग्न पार पडलं. बहीण सुखात आहे, तिची मुलं चांगली आहेत. मला त्यानंतर दिवसा बाहेर पडणं जमलं नाही. थोड्या उन्हानंही कातडी लाल होऊन सोलून निघायची, डोळे दिपायचे. दिवस मावळला की मी दारात येऊन बसायची. मशीन घराच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात हलवलं. नाना निवृत्त होईपर्यंत त्याच गाडीवर होते. कधी काळी कुठं जावं लागलं तर ते सावलीच्या बाजूची सीट माझ्यासाठी धरून ठेवायचे आणि गाडी वळली की मला उठवून दुसऱ्या बाजूला बसवायचे. धुळ्याच्या दवाखान्याचं नाव आमच्या घरात पुन्हा कोणी घेतलं नाही.

एकदा पिंपळनेरहून एक बाई आली. बरोबर तिची मुलगी होती, नऊ-दहा वर्षांची. मुलीनं ओढणी तोंडापर्यंत ओढून घेतली होती. बाईला मायच्या माहेरच्यांनी पत्ता दिला होता. त्यांनी तिला सांगितलं होतं, जळगावची पोर अंगभर डागांनी भरली होती, ती पार बरी झाली. बाईनं मुलीची ओढणी खाली केली. ओठाच्या खाली आणि हनुवटीवर डाग होते.

"ताई, तुम्ही कोणतं औषध घेतलं?" ती म्हणाली. "हिला पण तुमच्यासारखं व्हायला पाहिजे."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, मी बरी झालेले नाही. माझा रंग परत आला नाही. जो उरला होता तोही औषधानं काढून टाकलाय, म्हणून अंग एकसारखं दिसतं. हिला आधी चांगल्या डॉक्टरांना दाखवा, कदाचित हिला येईल रंग. आणि उन्हात जास्त बसवू नका.

ती ऐकत होती, पण माझ्या हातांकडे बघत होती. मी बोलायची थांबले तशी ती म्हणाली, "ताई, आम्ही लांबून आलो. सांगितलं तर तुमचं काय जाईल?"

मी पुन्हा तेच सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. मी औषधाचं नाव लपवते आहे असंच तिला वाटलं. ती उठली, मुलीची ओढणी पुन्हा तोंडावर ओढली. दाराबाहेर लख्ख ऊन होतं. मला उंबऱ्यापर्यंतच जाता आलं. मुलगी चपला घालता घालता वर बघत होती, माझ्या तोंडाकडे, अगदी टक लावून. तिच्या आईनं तिला दंडाला धरून ओढलं आणि दोघी स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या.